विश्वाच्या अंताची बातमी छापताना

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

लघुग्रह असो, सौरवादळ असो, गॅमा किरणांचा झोत असो की ‘निर्वाताचा क्षय’ (अवकाशाची मूळ स्थितीच ढासळणे), बातमीचा मथळा ठरलेला असतो : पृथ्वीचा अंत जवळ? आणि मजकुरात कुठेतरी एक वाक्य असतेच की हे रोखण्याचा कोणताही उपाय नाही. या चार गोष्टी एका पंक्तीत बसत नाहीत. एकीला घाबरून काही साधत नाही, दुसरीची शक्यता नगण्य आहे, तिसरी आता माणसाला टाळता येण्याच्या बेतात आहे आणि चौथी टळत नसली तरी तिच्यामुळे होणारे नुकसान टळते. मथळ्यात हा फरक पुसला जातो, म्हणून हे पत्र.

डिसेंबर २००४ चे तीन दिवस पाहा. २६ तारखेला भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ भूकंप झाला. लाटा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर यायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, पण हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे गेली. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, अपोफिस हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांवर पोहोचली. त्याच दिवशी मार्च महिन्यातली जुनी छायाचित्रे हाती लागली, त्यांत हा लघुग्रह सापडला आणि २०२९ ची टक्कर बाद झाली. पुढे २८ च्या पहाटे, आपल्याकडे तीन वाजले असताना, आकाशगंगेतल्या एका चुंबकताऱ्याचा (अतितीव्र चुंबकीय क्षेत्र असलेल्या मृत ताऱ्याचा) स्फोट पृथ्वीपर्यंत पोहोचला. तारा तीस ते पन्नास हजार प्रकाशवर्षे दूर, पण सूर्याला जेवढी ऊर्जा बाहेर टाकायला लाखाहून अधिक वर्षे लागतात तेवढी त्याने सेकंदाच्या काही अंशात टाकली. आपले आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) हलले आणि त्यातून जाणाऱ्या दीर्घ लहरींच्या रेडिओ संदेशांत ते नोंदले गेले. स्फोटानंतरची रेडिओ दीप्ती टिपणाऱ्यांत नारायणगावजवळच्या खोडद इथली जीएमआरटी दुर्बीणही होती. रोखणे सर्वस्वी अशक्य होते ते या स्फोटाला, आणि त्याने एकही माणूस दगावला नाही. माणसे मेली ती दोन तासांची सूचना देता आली असती त्या घटनेत. तशी सूचना देणारे केंद्र हैदराबादला २००७ मध्ये सुरू झाले.

आता खरोखर रोखता न येणाऱ्या गोष्टीकडे वळू. निर्वाताच्या क्षयाचा विचार भौतिकशास्त्रात गंभीरपणे झाला आहे; सिडनी कोलमन आणि फ्रँक डी लुचिया यांचा त्यावरचा प्रसिद्ध शोधनिबंध १९८० चा. मूलकणांना वस्तुमान देणारे हिग्ज क्षेत्र आज ज्या ऊर्जास्थितीत आहे ती सर्वांत खालची नसेल, तर कुठेतरी एखादा बुडबुडा खालच्या स्थितीत घसरू शकतो. तो जवळपास प्रकाशाच्या वेगाने फुगत जाईल आणि त्याच्या आत अणूच टिकणार नाहीत. हिग्ज कणाचे वस्तुमान सुमारे १२५ आणि टॉप क्वार्क या सर्वांत जड मूलकणाचे सुमारे १७३ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. अतिउच्च ऊर्जेपर्यंत नवे काही भौतिकशास्त्र आड येत नाही असे धरून हे आकडे समीकरणात घातले, तर विश्व ‘अर्धस्थिर’, म्हणजे आज टिकून असलेल्या पण कायमची हमी नसलेल्या, पट्ट्यात पडते. मथळे इथेच थांबतात. पुढचा आकडा असा की हा क्षय घडायला लागणारा अपेक्षित काळ वर्षांत लिहिला, तर एकावर शंभराहून अधिक शून्ये येतात. विश्वाचे आजचे वय १,३८० कोटी वर्षे आहे; तो आकडा लिहायला अकरा अंक पुरतात.

बुडबुडा प्रकाशाच्या वेगाने येत असेल तर त्याची खबर त्याच्या आधी पोहोचूच शकत नाही. माणसाची उंची ओलांडायला प्रकाशाला सहा नॅनोसेकंद लागतात, मज्जातंतूतला संदेश तेवढ्यात केसभरही सरकत नाही. म्हणजे इशारा नाही, वेदना नाही, मागे राहून शोक करणारेही नाहीत. ज्या घटनेसाठी आधी काही करता येत नाही आणि नंतर काही भोगावे लागत नाही, तिची भीती बाळगण्यात हशील काय, हे आम्हाला कुणी पटवून द्यावे.

माणसाने केलेल्या प्रयोगातून हा बुडबुडा सुटेल का, हा प्रश्न १० सप्टेंबर २००८ ला सर्न या युरोपीय प्रयोगशाळेचे कणांच्या टकरी घडवणारे यंत्र सुरू झाले तेव्हा आपल्याकडच्या वाहिन्यांनी दिवसभर चघळला. त्याचे उत्तर पीट हट आणि मार्टिन रीस यांनी १९८३ मध्येच दिले होते : वैश्विक किरणांच्या, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांच्या, नैसर्गिक टकरी आपल्या यंत्रांपेक्षा जोरदार असतात. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात टिपलेला कण हवेतल्या प्रोटॉनवर आदळला असे धरले, तर त्या टकरीत मिळणारी ऊर्जा सर्नच्या १४ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या सुमारे पन्नासपट भरते. अशा टकरी विश्वात अब्जावधी वर्षे होत आल्या आहेत.

यावर एक हुशार आक्षेप आहे. ‘आजवर काही झाले नाही’ हा पुरावा इथे लंगडा पडतो, कारण झाले असते तर मोजायला आपण उरलोच नसतो. मॅक्स टेगमार्क आणि निक बोस्ट्रॉम यांनी २००५ मध्ये यातून वाट काढली. सर्वनाश वारंवार होत असता, तर निरीक्षक बहुतेक करून विश्वात लवकर जन्मलेल्या ग्रहांवरच सापडले असते. पृथ्वी तशी उशिरा तयार झालेली आहे. त्यावरून त्यांनी काढलेली मर्यादा अशी की असा नाश सरासरी शंभर कोटी वर्षांत एकदा, याहून अधिक वेळा होत नसावा. ही वरची मर्यादा आहे, खरा दर त्याहून कितीतरी कमी असू शकतो. तीच मर्यादा खरी धरली तरी ऐंशी वर्षांच्या आयुष्यात शक्यता सव्वा कोटीत एक. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण गेले, म्हणजे वर्षाला साधारण ८,४०० जणांमागे एक. हेल्मेट न घालता निर्वाताची काळजी करणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

अतिनवताऱ्यांचे, म्हणजे आयुष्याच्या शेवटी फुटणाऱ्या ताऱ्यांचे, प्रकरण थोडक्यात. काक्षी (बीटलज्यूज) तारा २०१९ च्या अखेरीस मंदावला तेव्हाही मथळे झाले. असा स्फोट जीवसृष्टीला घातक ठरायला तो साधारण पन्नास प्रकाशवर्षांच्या आत व्हावा लागतो. काक्षी पाचशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. समुद्रतळात सापडलेल्या, अशा स्फोटांत तयार होणाऱ्या लोह-६० या किरणोत्सारी लोहावरून वीस-तीस लाख वर्षांपूर्वी त्यातल्या त्यात जवळ एखादा तारा फुटल्याचे दिसते, आणि जीवसृष्टी त्यातून तगली. गॅमा किरणांचे स्फोट तर भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने सहाशेहून अधिक टिपले आहेत, सगळे इतर दीर्घिकांतले.

लघुग्रहांची गोष्ट वेगळी आहे, कारण हे संकट टाळता येते. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट हे यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या पिंडावर सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने आदळवले गेले. त्याची मोठ्या सोबती लघुग्रहाभोवतीची ११ तास ५५ मिनिटांची फेरी तेहतीस मिनिटांनी कमी झाली. मात्र ही युक्ती चालायला हाताशी काही वर्षे असावी लागतात. टक्कर काही महिन्यांवर असेल तर वस्ती हलवणे हाच उपाय उरतो.

वाचकांची दिशाभूल सर्वाधिक होते ती टक्केवारीमुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याची शक्यता वाढत वाढत १८ तारखेला ३.१ टक्क्यांवर गेली. संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया असल्याने मुंबईचे नाव सगळीकडे झळकले. आठवड्याच्या आत शक्यता जवळपास शून्यावर आली आणि ‘शास्त्रज्ञांनी घूमजाव केले’ अशी टीका झाली. घूमजाव झालेच नव्हते. नवा लघुग्रह थोडेच दिवस पाहिलेला असतो, त्यामुळे काही वर्षांनंतर तो नेमका कुठे असेल याचा एक लांबलचक पट्टा मिळतो. समजा पट्टा चाळीस लाख किलोमीटर लांब आहे आणि पृथ्वी त्यात येते. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे शक्यता सुमारे ०.३ टक्के. निरीक्षणे वाढली, पट्टा चार लाख किलोमीटरवर आला आणि पृथ्वी अजून आतच आहे, तर तीच शक्यता तीन टक्के होते. धोका वाढलेला नसतो, अज्ञान कमी झालेले असते. पट्टा आणखी आखडला की पृथ्वी बहुधा त्याच्या बाहेर पडते आणि आकडा कोसळतो. तो न कोसळता वीस, चाळीस असा चढत गेला, तर मात्र काळजी करावी. अपोफिसबाबत २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर पुढची किमान शंभर वर्षे टक्कर नाही हे निश्चित झाले आहे; १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे, भारतीय वेळेनुसार सव्वातीनच्या सुमारास, तो सुमारे ३२,००० किलोमीटरवरून निघून जाईल.

लहान पिंड मात्र न सांगता येऊ शकतात. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला दगड वीसेक मीटरचा होता. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे दुर्बिणींना दिसलाच नाही. जखमी झाले दीड हजारांच्या आसपास, बहुतेक काचांनी. प्रकाश आधी दिसला, दाब-लहर दोन मिनिटांहून अधिक वेळाने पोहोचली, आणि तोवर लोक काय झाले ते पाहायला खिडकीशी जमले होते. आकाशात डोळे दिपवणारा झोत दिसला तर खिडकीपासून लांब, टेबलाखाली किंवा आतल्या भिंतीशी निदान पाच मिनिटे थांबावे. शाळेच्या आपत्ती-सरावात हे एक वाक्य घालायला खर्च येत नाही.

राहिले सौरवादळ. ते थांबवता येत नाही आणि कधीतरी येणारच. २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळाची तीव्रता ठरवताना आजही मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची नोंद आधाराला घेतली जाते. तिथे चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरला होता. (तासाची सरासरी काढली तर आकडा बराच खाली येतो, हे सांगायला हवे.) १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज दीड मिनिटात गेली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले की जमिनीत विद्युतदाब निर्माण होतो, आणि शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांतून, रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) जमिनीला जोडलेल्या न्यूट्रलवाटे, एकदिश प्रवाहासारखा प्रवाह शिरतो. रोहित्राचा गाभा अर्ध्या आवर्तनात संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही), तापतो, जाळ्यातला विद्युतदाब ढासळतो आणि बिघाड दिसताच वीज तोडणारे संरक्षक रिले एकामागून एक सुटतात. क्वेबेकने नंतर वाहिन्यांत असा प्रवाह अडवणारे कपॅसिटर बसवले आणि रिलेंच्या मर्यादा बदलल्या. आपण चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने आपल्याकडे हा धोका कमी आहे, शून्य नाही.

घरातल्या तारा यासाठी फारच आखूड असतात. सौरवादळाने मोबाइल जळत नाही, फ्रिज उडत नाही. वीज, पाण्याचा पंप, नेटवर्क आणि जीपीएस काही काळ जाऊ शकते. दोन-तीन दिवसांचे पिण्याचे पाणी, विजेरी, सेलवर चालणारा रेडिओ, थोडी रोख रक्कम आणि नेहमीची औषधे, एवढी तयारी पुरते. पूररेषेतल्या घरांत ती एरवीही असायला हवी. सूर्यावरून निघालेला ढग पोहोचायला साधारण पाऊण ते तीन दिवस लागतात. पण त्यातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले आहे की नाही, ज्यावर वादळाची तीव्रता ठरते, हे तो पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या यानांवरून गेल्यावरच कळते. आपले आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. तिथून हाती राहतात पंधरा मिनिटे ते एक तास. एवढ्या अवधीत राज्याच्या वीज-भारप्रेषण केंद्राने (लोड डिस्पॅच सेंटरने) कोणत्या वाहिन्यांवरचा भार कमी करायचा, हे आधी लिहून ठेवलेले आहे का, हा प्रश्न आपल्या बातमीदाराने विचारावा अशी विनंती आहे.

आणि अशी बातमी छापताना शेजारी एक छोटी चौकट द्यावी : पिंडाचा आकार मीटरमध्ये, टक्करीची संभाव्य तारीख, शक्यता आणि तीच शक्यता ‘इतक्यात एक’ अशी, टकरीचा धोका मोजणाऱ्या तोरिनो श्रेणीतला शून्य ते दहापैकी अंक, आणि निरीक्षणे किती दिवसांची आहेत. यातली बहुतेक माहिती नासा आणि युरोपीय अंतराळ संस्थेच्या खुल्या याद्यांत असते. आकडे बदलतात, म्हणून चौकटीत यादी पाहिल्याची तारीखही असावी, आणि शक्यता शून्यावर आली की ती बातमीही त्याच पानावर, तेवढ्याच जागेत यावी.

आपले,
खगोल अभ्यासकांचा एक गट, पुणे