एकाच एम्ब्रियोची लेखी संमती असताना दोन ठेवल्याबाबत तक्रार

सांगली

प्रति,
तक्रार निवारण कक्ष,
मुख्य कार्यालय, पुणे.

विषय: आपल्या सांगली केंद्रातील एम्ब्रियो ट्रान्सफर आणि त्यावर आपण पाठवलेले उत्तर.

महोदय,

आपल्या सांगली केंद्रात आम्ही उभयतांनी टेस्ट ट्यूबचा उपचार घेतला. मला आधीपासून रक्तदाब आहे. मिरजेच्या माझ्या डॉक्टरांनी जुळ्याची जोखीम घेऊ नका असे बजावले होते, म्हणून एकच एम्ब्रियो (लॅबमध्ये तयार झालेला भ्रूण) गर्भाशयात ठेवायचा आणि बाकीचे गोठवायचे असे ठरले. संमतीपत्रावर संख्येच्या रकान्यात आपल्याच समुपदेशक मॅडमनी निळ्या पेनाने '१' लिहिला, पुढे चेकवर लिहितात तसे अक्षरी 'फक्त एक', आणि खाली आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे.

सोनोग्राफीत दोन ठोके दिसले तेव्हा आपले डॉक्टर म्हणाले, एकाच एम्ब्रियोचे दोन झाले असतील, असे होते कधी कधी. होते, हे खरे. पण तसे झाले तर दोन्ही मुलगे होतात नाहीतर दोन्ही मुली. माझे बीपी चढल्याने आठव्या महिन्यातच सिझेरियन करावे लागले आणि मला एक मुलगा, एक मुलगी झाली. मग लॅबचा कागद मागितला. तो बऱ्याच टाळाटाळीनंतर हातात पडला. त्यात ट्रान्सफरपुढे आकडा आहे दोन.

आता आपल्या उत्तराकडे येते. आपण लिहिता की दोन्ही बाळे सुदृढ आहेत, निरोगी अपत्य हे नुकसान मानता येत नाही, आणि दोन गर्भ असल्याचे कळूनही आम्ही ते ठेवले. आपले केंद्र व्यवस्थापक फोनवर याहून मोकळे बोलले: "मॅडम, लोक जुळ्यासाठी नवस बोलतात, आणि तुम्ही कोर्टाची भाषा करता?" आमच्या आत्याबाईही तेच म्हणतात, "देवानं दोन्ही हातांनी वटी भरली, आन तू भांडाय निघालीस व्हय?" आत्याबाईंचे मी घरी बघून घेईन. त्यांनी माझ्याकडून फी घेतलेली नाही.

'कळूनही ठेवले' हा मुद्दा आपल्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या पंजाबमधील निकालावरून उचललेला दिसतो. तो खटला नसबंदी फसल्याचा होता. गर्भ राहिल्याचे कळूनही जोडप्याने तो ठेवला तर ते मूल नकोसे म्हणता येत नाही, असे कोर्ट म्हणाले. आम्हाला तर मूल हवेच होते, त्यासाठीच आपल्या दारात आलो. सोनोग्राफीनंतर आपल्याच केंद्राने 'एक कमी करून घेता येईल' असे सुचवले होते. म्हणजे दोनांतला एक आम्ही निवडायचा, राहिलेल्याचा जीवही टांगणीला लावायचा, आणि ते केले नाही म्हणून चूक आपल्या पदरातून आमच्या पदरात? शिवाय त्याच न्यायालयाने २००० साली हरियाणातील एका मजूर बाईला, नसबंदीतल्या हलगर्जीमुळे झालेल्या मुलीच्या संगोपनाचा खर्च सरकारकडून देवविला होता. तो निकाल आपल्या पत्रात नाही.

तरीही संगोपनाचा एक रुपयाही मी मागत नाही, आणि त्याचे कारण आपण नीट वाचावे. आमचे वकील म्हणाले, दुसऱ्या बाळाचा खर्च वेगळा काढून आणा. मी दुधाचे डबे, डायपर, लशी असे सगळे वहीत मांडायला बसले. पण दुसरे बाळ कुठले? दोन्ही एम्ब्रियो एकाच वेळी आत गेले, त्यातला परवानगीचा कुठला हे आपल्या लॅबलाही सांगता येणार नाही. भेटायला आलेल्यांना मात्र प्रश्नच पडला नाही. सगळ्यांच्या लेखी जादाची ती मुलगीच, सिझेरियनमध्ये आधी तिला बाहेर काढले असले तरी. २०१७ चे म्हैसाळचे स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण पाहिलेला हा जिल्हा आहे, मला फारसे नवल वाटले नाही. पण वही मिटली. उद्या ती वाचायला शिकेल, तेव्हा तिच्या दुधाची बेरीज कोर्टाच्या कागदावर नुकसान म्हणून तिच्या हाती पडू नये.

ज्यांनी तसे मागितले त्यांना मी नावे ठेवणार नाही. ऑस्ट्रेलियात, कॅनबेरात, २००७ मध्ये एक जोडपे कोर्टात गेले होते. त्यांनीही एकच एम्ब्रियो सांगितला होता, डॉक्टरांनी दोन ठेवले. संगोपनापोटी त्यांनी सुमारे ४ लाख डॉलर मागितले आणि टीकाही भरपूर झेलली. खर्च खराच असतो, ज्याचा त्याने ठरवावे. मला ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचा (तेव्हा तेच तिथले सर्वोच्च न्यायालय) १९९९ चा निकाल जवळचा वाटतो. निरोगी मुलाच्या संगोपनाचा खर्च त्यांनी नाकारला, पण आईने गर्भारपणात आणि बाळंतपणात जे सोसले त्याची भरपाई मान्य केली. आपण त्यातला पहिलाच अर्धा भाग वापरता.

म्हणून माझी मागणी एवढीच. ट्रान्सफरची फी परत करावी. शेवटच्या महिन्यांत बीपीसाठी मला ॲडमिट व्हावे लागले त्याचे बिल आणि दोन्ही बाळांच्या काचेच्या पेटीचे बिल आपण भरावे. बाळे आठव्या महिन्यात का आली हे माझ्या केसपेपरवर लिहिलेले आहे. 'फक्त एक' लिहिलेला कागद लॅबपर्यंत पोचला की नाही, आणि पोचला असेल तर दोन ठेवायचे कुणी ठरवले, हे सहीनिशी कळवावे. गोठवलेल्यांपैकी किती शिल्लक आहेत याचा हिशेब द्यावा, कारण गोठवण्याचे पैसे आपण आधीच घेतले आहेत. आणि स्वागतकक्षातल्या फलकावर आमच्या मुलांचा फोटो 'डबल आनंद' म्हणून लागला आहे, तो आजच काढावा. त्यालाही आमची संमती नव्हती.

टेस्ट ट्यूब केंद्रांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने तक्रार कक्ष ठेवणे आपल्यावर बंधनकारक आहे, म्हणून आधी आपल्याकडे आले. ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. फोन करू नये. अभिनंदन करून झाले आहे.

आपली,
फाइलवर नाव असलेली रुग्ण
विश्रामबाग, सांगली

सोबत: संमतीपत्राची झेरॉक्स, लॅबचा अहवाल, केसपेपर, बिले, फलकाचा फोटो.