शुक्रवारी साडेदहाला, दोघांनीही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आधीच सांगते, रागावू नका. शुक्रवारी सकाळी साडेदहाला तुम्हा दोघांची दातांच्या डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे, पैसेही भरलेत. शनिवारी बाबांचा उपास, रविवारी दवाखाना बंद, म्हणून शुक्रवार. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "दिवाळी होऊ दे," आणि आई, "आधी त्यांचं बघ."

बाबा, गणपतीत मी माजघरात झोपले होते तेव्हा तुमचं दात खाणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. आजी म्हणायची तसे हे जंत नव्हेत हो! वाटणीचं झालं तेव्हापासून तुम्ही कुणाला एक शब्द बोलला नाहीत, ते सगळं रात्री दाढांवर निघतं. ताणाखालच्या माणसांत ही सवय जास्त दिसते. सकाळी कानशिलं ठणकतात आणि तुम्ही चष्म्याच्या नंबरला दोष देता. डॉक्टर मापाचं नाइट गार्ड, म्हणजे रात्री झोपताना दातांवर बसवायचं कवच, करून देतील. त्यानं सवय जात नाही, पण दाढांची झीज वाचते.

आई, तुझं उलटं. तू सगळं बोलतेस, फक्त आपलं दुखणं सोडून. लवंग दाबून स्वयंपाक करायचा, आणि घरात कुणी आजारी पडलं की मिश्रीचं बोट दोनदाच्या ऐवजी पाचदा फिरायचं. त्यानं जिवाला बरं वाटतं, कळतं मला. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तुझी हिरडी डाव्या बाजूला खाली सरकलीय ती उगाच नाही. शिवाय तुझी साखर. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात यायला त्रास देते. एकदम सोड म्हणत नाही. डॉक्टरांना खरं सांग, एवढंच.

घाबरण्यासारखं काही नाही. सुईआधी हिरडीला बधिर करायचं जेल लावतात. बाबा, माझ्या दुधाच्या दाताला दोरा बांधलात आणि ओढायच्या वेळी तुम्हीच डोळे मिटलेत! तेवढंसुद्धा दुखणार नाही.

दादा गाडी घेऊन दहाला दारात येईल. मला सुट्टी नाही, पण खरं सांगू, मी असते तर तुम्ही मला चहापोह्यांत गुंतवून दहाचे बारा केले असते. दादासमोर तुमचं चालत नाही. दुपारच्या मऊ भाताचं शेजारच्या काकूंना सांगितलंय, चूल पेटवायची नाही.

आता ऐका. आई, उपाशी जायचं नाही, नाश्ता आणि साखरेची गोळी वेळेवर. बाबा, रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेवा. दात काढायचा म्हणाले तर लगेच हो म्हणू नका, आधी मला फोन. आणि मिश्रीची डबी पर्समधून जाणार नाही हे बघायला दादाला सांगून ठेवलंय.

तुमची,
छकुली