अंदाज मंत्र्याचा नको, खात्याचा हवा: सरकारप्रमुखांस खुले पत्र

माननीय महोदय,

मंत्रिमंडळातून पुढचा कोण जाणार, याची चर्चा थांबत नाही. काही देशांत त्यावर उघड पैजा लागतात. माझी विनंती वेगळी आहे: हा अंदाज सरकारनेच नीट बांधावा, आणि तो माणसाचा नसून खात्याचा असावा, म्हणजे कोणत्या खात्यात मंत्री बदलण्याचा धोका किती, याचा.

२०२२ या एका वर्षात ब्रिटनने पाच शिक्षणमंत्री पाहिले. मिशेल डोनेलन यांची नेमणूक ५ जुलैची, राजीनामा ७ जुलैचा. त्यांचं नाव आठवडाभर आधी कोण सांगणार होतं? पण ६ जूनला स्वपक्षाच्याच १४८ खासदारांनी पंतप्रधान जॉन्सन यांच्याविरुद्ध मत दिलं होतं. प्रमुखाची खुर्ची डळमळली की खातीही हलतात, एवढं तेव्हाच दिसत होतं.

अमुक माणूस कधी जाणार हे विमा कंपनीही सांगत नाही. तशा वयाच्या, तशा प्रकृतीच्या माणसांना धोका किती, ते सांगते. सरकारं किती काळ टिकतात याचा अभ्यास राज्यशास्त्रातही असाच होतो.

नावाच्या अंदाजाने मात्र नुकसानच होतं. मंत्री जाणार अशी कुजबुज सुरू झाली की फाइल जागची हलत नाही. ‘नवे साहेब येऊ देत, मग बघू’ म्हणत अधिकारी हात आखडता घेतात. मंत्रीही एकतर अवघड निर्णय टाळतो, नाहीतर जाता जाता धडाधड सह्या करतो. अफवा खोटी ठरली तरी गेलेले महिने परत येत नाहीत, आणि तोवर लोकांची कामं अडतात. याची मला खरी चीड आहे.

उत्तराधिकारी ठरलेला असला तरी खंड पडतोच. १३ मार्च २०१८ रोजी ट्रम्प यांनी परराष्ट्रमंत्री टिलरसन यांना हटवल्याचं ट्विटरवर जाहीर केलं, त्याच ट्विटमध्ये पोम्पेओंचं नावही होतं. सिनेटची मंजुरी आली २६ एप्रिलला.

म्हणून प्रत्येक खात्याने, मंत्री कितीही पक्का वाटो, कार्यभार सोपवण्याचं टिपण दर तिमाहीला अद्ययावत ठेवावं: कोणते निर्णय अडलेत, कोणाला काय शब्द दिलाय, कोणती मुदत जवळ आलीय. ज्या खात्यांत धोका जास्त, तिथे ते दरमहा व्हावं. आणि फेरबदलाची आतली बातमी ज्यांना असते, त्यांना अशा पैजा लावायला सक्त मनाई करावी. टिपणाचा आदेश तर आपण एका परिपत्रकाने काढू शकता. तो पुढच्या फेरबदलाआधी काढावा.

आपला,
एक नागरिक