मुदत ठेवीवरचे कार्ड आणि बिघडलेला सिबिल

महोदय,

कापसाला भाव मिळाला नाही आणि दोन हप्ते थकले, की आपल्या खान्देशातल्या तरुणाला ट्रॅक्टर सोडा, मोबाइलसाठीही कर्ज मिळेनासे होते. सिबिलचा आकडा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण, ३०० ते ९०० दरम्यान असतो. तो घसरल्यावर ‘दुरुस्त करून देतो’ म्हणणारे एजंट गाठतात. त्यांना एक रुपयाही देऊ नये. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही.

आकडा सुधारायचा खरा मार्ग वेगळा आहे. अनेक बँका मुदत ठेव तारण ठेवून क्रेडिट कार्ड देतात, त्यासाठी जुना आकडा सहसा आड येत नाही. त्यावर फक्त पेट्रोल किंवा किराणा घ्यावा आणि बिल भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी पूर्ण भरावे. बिलावरची ‘मिनिमम ड्यू’ (किमान भरायची रक्कम) तेवढी भरणारा फसतो, कारण उरलेल्या रकमेवर अनेक कार्डांना महिन्याला तीन टक्क्यांहून जास्त व्याज लागते. आकड्यात सुधारणा दिसायला काही महिने जातात.

सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. तालुक्याच्या शाखांनी हे मराठीत फलकावर लावावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)