पावसाळ्यातल्या खतखड्ड्याची तजवीज पानगळीतच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै उजाडला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये एक ठरलेली तक्रार सुरू होते. खतखड्ड्याला वास मारतो, अळ्या भिंतीवर चढतात, तळमजल्यावरच्यांना खिडक्या उघडता येत नाहीत. मग सभा भरते, 'हे खत-बित आपल्याला जमणारं नाही' असे कुणीतरी म्हणतो, खड्ड्यावर झाकण पडते आणि ओल्या कचऱ्याचे डबे पुन्हा गाडीच्या वाटेला लागतात. दोष दिला जातो कचऱ्याला, नाहीतर खड्ड्यावर राबणाऱ्या माणसाला. चूक मात्र पाच महिने आधीच होऊन गेलेली असते. माघ-फाल्गुनात आवारातला पाचोळा गोण्या भरभरून बाहेर काढला जातो, नाहीतर कोपऱ्यात पेटवून दिला जातो, तेव्हा. सध्या पानगळ भरात आहे, म्हणून हे पत्र आत्ताच.

भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेला भात यांत वजनाने ७५ ते ८० टक्के पाणी असते. खत करणाऱ्या जिवाणूंना ५० ते ६० टक्के ओल पुरते. त्याहून जास्त झाली की ढिगातल्या फटी पाण्याने भरतात, हवा कोंडते आणि कचरा कुजण्याऐवजी सडतो. उन्हाळ्यात जादा पाणी आपोआप उडून जाते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कसाही भरलेला खड्डा निभावतो आणि समितीला वाटते, आपल्याला जमले. पावसाळी हवेत ते पाणी उडत नाही. ते शोषायला कोरडे काहीतरी लागते आणि पाचोळ्याइतके स्वस्त आणि चांगले दुसरे काही नाही. शिवाय ओल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) भरपूर आणि कर्ब (कार्बन) कमी. ती कसरही पाचोळाच भरून काढतो.

प्रमाण असे: एक किलो ओल्या कचऱ्याला साधारण पाव किलो कोरडा, चुरलेला पाचोळा. रोज वजन करत बसायला नको. पाच घमेली ओला कचरा पडला तर सहा घमेली चुरा. दोन्ही कालवून टाकायचे आणि वर दोन इंच नुसता पाचोळा पसरायचा, म्हणजे माशा अंडी घालायला खाली पोचत नाहीत. ओल पाहायला यंत्र लागत नाही. ढिगात कोपरभर आतून मूठभर माल काढून घट्ट पिळायचा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर बेत बरोबर. धार लागली तर पाचोळा कमी, आणि मूठ उघडल्यावर गोळा लगेच विस्कटला तर पाणी शिंपडायला हवे. नाकही बरेच सांगते. आंबूस वास म्हणजे पाणी जास्त, सडक्या अंड्यासारखा म्हणजे तळाशी हवाच नाही, मुतारीसारखा उग्र म्हणजे नत्र जास्त. तिन्हींवर पहिला उपाय एकच, पाचोळा घालून ढीग वरखाली करणे. मोठ्या करड्या अळ्या दिसल्या की लोक कीटकनाशक फवारतात. त्या निरुपद्रवी असतात, उलट कचरा खातात. त्या दिसणे म्हणजे फक्त ढीग फार ओला असल्याची खूण.

आता साठवणीकडे येऊ, कारण घोडे पेंड खाते ते इथेच. चाळीस सदनिकांच्या सोसायटीत घरटी सहाशे ग्रॅम धरले तर रोज २४ किलो ओला कचरा निघतो. त्याला दिवसाला सहा किलो पाचोळा. जून ते सप्टेंबर हे चार महिने धरले तर सातशे किलोंच्या घरात साठा हवा. आकडा ऐकून छाती दडपते, पण चुरून दाबलेला पाचोळा फार जागा खात नाही. चार फूट लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा लोखंडी जाळीचा पिंजरा पायदळी दाबत भरला तर त्यात पावणेदोनशे-एकशेऐंशी किलो मावतो. असे चार पिंजरे, म्हणजे साधारण एका चारचाकीची जागा. न चुरता तसाच भरला तर दुप्पट-तिप्पट जागा लागेल आणि मेपर्यंत कुणीतरी 'हे आधी उचला' म्हणेल.

चुरण्यासाठी दोन-तीन अश्वशक्तीचे श्रेडर मिळते. नसेल तर कडक उन्हात दुपारी बाराच्या पुढे पाने पसरून त्यावर चालले तरी भागते. सकाळी झाडलेली पाने दवाने ओलसर असतात. ती तशीच गोणीत भरली की महिन्याभरात आत पांढरी बुरशी धरते, पाने चिकटून लादी होते आणि जुलैमध्ये ती पाणी शोषण्याऐवजी पाणी घेऊनच येते. आधी ऊन, मग चुरा, मग साठवण, हा क्रम मोडू नये. पिंजरे विटांवर ठेवावेत, जमिनीला टेकले तर वाळवी लागते. वर पत्रा हवाच, बाजू उघड्या. आणि एक गोष्ट ठासून सांगायला हवी: हा साठा वीजमीटरच्या खोलीपाशी, जनित्राजवळ किंवा लोक विडी ओढायला उभे राहतात त्या कोपऱ्यात नको. सातशे किलो वाळकी पाने पेटली तर बादलीने विझत नाहीत.

सगळी पाने सारखी नसतात. गुलमोहर, सोनमोहर, रेन ट्री यांची पाने बारीक. चुरायची गरज नाही आणि कुजतातही लवकर, पण नुसती तीच घातली तर भिजून थापी बसते आणि हवा अडते. पिंपळ, बदाम, काशीद यांची पाने चुरून त्यांत मिसळावीत, म्हणजे ढीग पोकळ राहतो. आंबा, फणस, वड यांचे पान जाड आणि मेणचट, त्याला वेळ लागतो. बारीक केल्याशिवाय घालू नये. नारळाच्या झावळ्या, करवंट्या खड्ड्यात नकोत. करवंट्या आणि विटांचे तुकडे मात्र तळाशी सहा इंच अंथरले तर झिरपा, म्हणजे कचऱ्यातून गळणारे पाणी, खाली साचत नाही.

पाचोळा नसला की सोसायट्या विकत घेण्याच्या मागे लागतात. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी उत्तम शोषते, पण कुंड्यांसाठी मिळणारी दाबलेली वीट आणली जाते आणि ती सुटी करायला पाण्यात भिजवली जाते. भिजलेले कोकोपीट खड्ड्यात घालणे म्हणजे ओल्यावर आणखी ओले. घ्यायचेच तर सुटे, कोरडे घ्यावे. लाकडाचा भुसा सुताराकडे फुकट मिळतो, पण प्लायवूड आणि एमडीएफचा (भुसा चिकटवून केलेल्या फळ्यांचा) भुसा अजिबात नको, त्यात चिकटद्रव्याची रसायने असतात. साध्या लाकडाचा भुसाही जास्त झाला तर कर्ब एवढा वाढतो की ढीग थंड पडतो, म्हणजे कुजणे मंदावते. राहता राहिले ते बाटलीतले 'कल्चर', म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचे विरजण. ते वाईट नाही, पण त्याची गरज एकदाच, तीही नसली तरी चालते. आधीच्या खड्ड्यातले तयार खत घमेलंभर मिसळले की तेच विरजण. दूध नासलेले असेल तर विरजणाने दही लागत नाही, तसेच हे. सडलेल्या ढिगावर दर आठवड्याला कल्चर ओतणाऱ्या समितीने त्या पैशांत जाळी आणि पत्रा घेतला असता.

'चोवीस तासांत खत' म्हणून विकली जाणारी यंत्रे कचरा तापवून वाळवतात. बाहेर येणारी भुकटी कोरडी आणि बिनवासाची असते, पण ती खत नव्हे. कुंडीत घालून पाणी दिले की तिला वास सुटतो आणि रोप पिवळे पडते. पाचोळ्यासोबत आणखी महिनाभर मुरवली तरच तिचे काही होते.

घरांनी करायचे काम थोडकेच. डब्यात आमटी, ताक, रस्सा ओतू नये. एक लिटर आमटी खड्ड्यात गेली की पाच घरांचा दिवसाचा पाचोळा एकटी शोषते. सिंकच्या कडेला भोकांची चाळण ठेवून देठे-साली रात्रभर निथळू दिल्या तरी फरक पडतो. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची एक घडी पुरे, प्लास्टिकची पिशवी नको. आणि निर्माल्यातला हाराचा दोरा काढावा. ढीग वरखाली करताना फावड्याला गुंडाळला जाणारा तो दोरा कामकऱ्याचा अर्धा तास खातो.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे निर्माते ठरवले आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यासाठी पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी पंचवीस हजार रुपये दंड लावला. पाने जाळणेही त्यात आलेच. खत करा आणि पाने जाळू नका, हे दोन्ही सांगून झाले. या पानांचेच ते खत होते, हे जोडून कुणी सांगत नाही.

महापालिकेकडे मागणे एवढेच की रस्त्यांवरचा आणि उद्यानांतला पाचोळा फेब्रुवारी ते एप्रिल वेगळा उचलावा, प्रभागात एखाद्या शेडखाली चुरून ठेवावा आणि जूनपासून ज्या सोसायट्यांत झाडे नाहीत त्यांना द्यावा. हा पाचोळा जाड जाळीतून चाळून घ्यावा लागेल. रस्त्यावरच्या पानांत गुटख्याच्या पुड्या आणि काचा असतात, आणि ढीग उपसणारे हात बहुधा मोज्यांविना असतात.

– सोसायट्यांतील खतखड्ड्यांच्या देखभालीशी संबंधित काही जण, पुणे