पलंगाखाली बांधलेला पाना : मेस्त्रीकाकांना जाहीर पत्र

मेस्त्रीकाका,
स. न. वि. वि.

दापोलीचा पावसाळा सरत आला आणि तुमचा पलंग अजून एकदाही कुरकुरला नाही. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितेय.

याआधी ‘अस्सल सागवान’ म्हणून जे आमच्या गळ्यात मारलं गेलं, ते आतून दाबलेला भुसा निघालं. वर सागाच्या छपाईचा कागद. दमट हवेत पार्टिकल बोर्ड फुगतं, स्क्रूभोवतीचा भुसा सुटतो आणि एकदा भोक पिचलं की तिथे काही धरत नाही. दुकानाच्या माणसाने त्याच भोकात जाडा स्क्रू पिळला, फोटो काढला आणि गेला. नंतर फोन उचलणंही बंद. असो.

तुम्ही मात्र 2020 च्या निसर्ग वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या आधी उलटसुलट करून पाहिल्यात आणि सालीकडची पांढरी कड सगळी उतरवलीत. भुंगा तिथूनच लागतो. गाभ्याच्या पिवळ्या लाकडाला सहसा नाही. त्यामुळे माल कमी पडेल, डोक्याकडची बाजू बुटकी होईल, हे करवत लावायच्या आधी सांगितलंत. नंतर सांगणारे पुष्कळ भेटतात.

78 × 60 इंचांच्या गादीला आतून 79 × 61 ठेवलंत, चादर खोचायला बोटं जावीत म्हणून. प्लाय ठोकून मोकळं होता आलं असतं, पण गादीखाली हवा नसली की आषाढात बुरशी धरते. म्हणून अडीच-अडीच इंचांच्या फटी ठेवून 14 पट्ट्या, मधून लांबीला दांडी आणि तिला जमिनीपर्यंत पाय. स्क्रू पितळेचे, खाऱ्या वाऱ्याला टिकणारे.

पण खरे आभार सांध्यांसाठी. डोक्याकडची आणि पायाकडची चौकट फेव्हिकॉल लावून कायमची केलीत. बाजूच्या लांब फळ्या मात्र बिनगोंदाच्या कुसवांवर, म्हणजे फळीच्या टोकाला कोरलेली जीभ पायाच्या खाचेत घालून, बसवल्यात आणि बोल्टने आवळल्यात. वजन कुसू पेलतं, बोल्ट नुसता ओढून धरतो. शिवाय चारही सांध्यांवर आतल्या अंगाला पटाशीने खुणा केल्यात: पायावर एक रेघ, त्याच्या फळीवर एक, पुढे दोन, तीन, चार. हाताने पाडलेली भोकं सूतभर इकडेतिकडे असतातच, फळ्यांची अदलाबदल झाली तर बोल्ट शिरत नाही. आता जिना अरुंद असो की दार, कोणीही पलंग सोडवून पुन्हा जोडू शकेल.

आणि जाताना 17 नंबरचा पाना सुतळीने मधल्या पायाला बांधून गेलात. बिलात तो नव्हता. “शिमग्याच्या सुमारास लाकूड आटतं, तेव्हा अर्धा फेरा. कचकचून नको.” कोरड्यात जास्त आवळलं तर पावसात फुगलेलं लाकूड वॉशरखाली चेपतं आणि पुढच्या उन्हाळ्यात सांधा आणखीच ढिला होतो. म्हणजे दर वर्षी तुम्हालाच बोलवावं लागेल अशी सोय तुम्ही स्वतःच्या हाताने मोडलीत. धंद्यात असं वागणाऱ्याला लोक भोळा म्हणतात. म्हणोत.

दोन फळ्या उरल्यात, तोंडांना रंग लावून पडवीत पट्ट्यांवर ठेवल्यात. त्यांचे जेवायचे पाट करायचे आहेत. गणपती झाले की सवडीने या, आणि या वेळी पान्याचे पैसे बिलात लावा.

आपली,
पलंगवाली वहिनी