तक्रार पत्र : सोळा दिवसांच्या ट्रेलर-सहलीचे पाच दिवस

सोलापूर,
दिनांक : 5 जानेवारी 2026

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
कॅराव्हॅन ट्रेलर भाड्याने देणारी आपली कंपनी, पुणे

विषय : 15 ते 30 डिसेंबर 2025 या काळासाठी दिलेला सदोष ट्रेलर व ज्येष्ठांच्या हिवाळी सहलीचा चुकीचा आराखडा याबद्दल तक्रार, आणि 87,400 रुपये परत मिळण्याबाबत.

महोदय,

29 डिसेंबरच्या मेलमध्ये आपण माझ्या अनामत रकमेतून 22,000 रुपये कापल्याचे कळवले आहे. कारण दिले आहे, ‘चालकाच्या निष्काळजीपणामुळे टायरचे नुकसान व ग्राहकाने स्वतःहून सहल अर्धवट सोडली’. मी ते सौ.ला वाचून दाखवले. ती म्हणाली, “चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये घालवलेल्या माणसाला निष्काळजी म्हणतात होय? लिहा त्यांना.” म्हणून लिहितो आहे.

मी प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालो, वय 66. सौ.चे 63, तिचे दोन्ही गुडघे कुरकुरतात. आमच्या मनात फार दिवस होते की एक हिवाळा असा काढावा : सोलापूरहून विजापूर, हंपी, पुढे हुबळीवरून गोकर्णाच्या समुद्राकाठी आठ दिवस, आणि संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, घरी परत. हॉटेलच्या पायऱ्या नकोत, बाहेरचे तेलकट नको. मागे आपली खोली जोडलेली असावी, तिच्यात कडक भाकरीचा डबा आणि शेंगाची चटणी असावी, वाटले तिथे थांबावे. आपल्या जाहिरातीत हेच लिहिले होते. रोज 4,500 प्रमाणे सोळा दिवसांचे 72,000 भाडे, 40,000 अनामत, आणि ‘ज्येष्ठांसाठी खास तयार केलेल्या’ आराखड्याचे वेगळे 6,500 मी आगाऊ भरले.

ताबा देण्यापासून सुरुवात करतो, कारण सगळे तिथेच बिघडले. वेळ ठरली होती सकाळी अकराची. मी आणि भाचा पहाटे पाचला सोलापूर सोडून वेळेत पोचलो. ट्रेलर ‘सर्व्हिसिंगला गेलाय’ असे ऐकत आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो आणि चाव्या हातात पडल्या संध्याकाळी साडेसहाला, अंधारात. आपल्या कंपनीतल्या पोराने मोबाइलच्या उजेडात दहा मिनिटांत सगळे दाखवले आणि चार ठिकाणी सह्या घेतल्या. इथे माझी चूक मी कबूल करतो. आयुष्यभर पोरांना शिकवले की गाडी ताब्यात घेताना आधी टायरवरची तारीख वाचा, आणि त्या दिवशी मीच वाकून पाहिले नाही. घाई होती, थंडी होती. पण माझ्या न पाहण्याने तुमचा टायर म्हातारा झालेला नाही.

भिगवणच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर सत्तरचा वेग झाला आणि ट्रेलर शेपटी हलवू लागला. पहिल्यांदा वाटले वारा असेल. मग स्टिअरिंग हातातच नाचायला लागले. अशा वेळी ब्रेक दाबायचा नसतो, वेग उतरू द्यायचा, हे ठाऊक होते म्हणून आज पत्र लिहितो आहे. तिथून सोलापूरपर्यंत चाळीसने आलो. रात्रीचे दोन वाजले. गल्लीतली पोरे सकाळी गोळा झाली आणि त्यांनी नाव ठेवले ‘पांढरा डबा’.

दुसऱ्या दिवशी मी तो डबा वजनकाट्यावर नेला. साखर कारखान्यांचा जिल्हा आहे, काट्यांना तोटा नाही. आपल्या जाहिरातीत वजन 750 किलो. काट्यावर आले 1,120, आणि अजून आमची एक चादरसुद्धा आत चढलेली नव्हती. मग घरातला माणसांचे वजन करायचा काटा फळीखाली ठेवून हुकावरचा भार मोजला. 28 किलो! पावतीचे व त्या काट्याचे असे दोन्ही फोटो सोबत जोडले आहेत.

हा आकडा काय सांगतो, हे आपल्या वर्कशॉपमध्ये कुणाला माहीत नसेल तर सांगतो. ट्रेलरच्या एकूण वजनातला ठरावीक वाटा पुढे हुकावर पडायलाच हवा. युरोपातल्या हलक्या कॅराव्हॅनसाठी तो साधारण 5 ते 7 टक्के धरतात, अमेरिकेत 10 ते 15. आपला होता अडीच. नाक हलके आणि शेपूट जड असले की ट्रेलर डोलणारच, चालवणारा कोणी का असेना. कारणही सापडले. चाकांच्या मागे शंभर लिटरची पाण्याची टाकी आहे आणि ती आपल्या माणसांनी गळ्यापर्यंत भरून दिली होती. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. मी नळ उघडून अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी दिले आणि पुन्हा मोजले तर हुकावर 66 किलो. ‘टाकी रिकामी ठेवून चालवा, मुक्कामावर भरा’ एवढे एक वाक्य सांगायला आपल्याला सकाळी अकरापासून संध्याकाळी साडेसहापर्यंत वेळ होता.

संडासाबद्दल थोडक्यात. त्याच्या खालची पेटी मागच्या गिऱ्हाइकाने भरलेली, तशीच. सौ. दार उघडून दोन पावले मागे सरली आणि म्हणाली, “मी रिक्षानं येते, तुम्ही व्हा पुढं.” ती पेटी मी धुतली. त्याचे पैसे मागत नाही.

आता आराखडा, ज्याचे आपण 6,500 घेतले. पहिल्या दिवसाची ओळ अशी आहे : ‘सकाळी सोलापूरहून प्रस्थान, गोल घुमट, बदामी लेणी, संध्याकाळी हंपी येथे आगमन’. सोलापूर ते विजापूर शंभर किलोमीटर, तिथून बदामीला सव्वाशेच्या आसपास, आणि बदामी ते हंपी जवळपास दीडशे. हे कोणी मोबाइलच्या नकाशावर बोट फिरवून केले आहे, हे उघड दिसते. नकाशा वेळ सांगतो ती मोटारीची. ट्रेलर मागे असला की साठ-पासष्टच्या वर जायचे नाही, दर दीड तासाला गुडघे सरळ करायला उतरायचे, आणि डिसेंबरात सहाला अंधार पडतो. म्हणजे गाडी चालवायची सकाळी नऊ ते दुपारी चार. एवढ्या वेळात दीडशे, फार तर दोनशे किलोमीटर होतात.

अंधाराचा मुद्दा मी उगाच काढत नाही. हिवाळा म्हणजे आमच्याकडे उसाचा हंगाम. मंद्रूपपासून टाकळीच्या भीमेच्या पुलापर्यंत, आणि पुढे कर्नाटकातही, रस्त्यावर ऊस भरलेल्या डबल ट्रॉल्या. कित्येकांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. रात्री त्या दिसत नाहीत, एकदम समोर उगवतात. सोलापूरचा कोणीही माणूस हे सांगेल. ज्येष्ठांसाठी हिवाळ्याची सहल आखणाऱ्याने सोलापूरच्या एका तरी माणसाला फोन करायला हवा होता.

शिवाय रस्ताच चुकीचा निवडला. विजापूरहून निडगुंदी, हुनगुंद, कुष्टगी असा चौपदरी महामार्ग थेट हंपीजवळच्या होस्पेटला जातो. वाटेत थोडे आत वळले की कूडलसंगम, जिथे बसवेश्वरांची समाधी आहे. आमच्या सिद्धरामेश्वरांच्या गावची बाई तिथे डोके टेकवल्याशिवाय पुढे जाईल काय? पण ते नाव आपल्या आराखड्यात कुठेच नाही. आपण आम्हाला कोल्हार-बिळगीच्या अंगाने बदामीच्या अरुंद गल्ल्यांत घातले. बदामी, पट्टदकल पाहायचे असेल तर ट्रेलर मुक्कामावर सोडून नुसती गाडी घेऊन जायचे, दिवसात परत यायचे. ट्रेलरच्या सहलीचा फायदाच हा की मुक्काम कमी आणि एकेका मुक्कामी दिवस जास्त. आपल्या आराखड्यात सोळा दिवसांत अकरा मुक्काम आहेत. रोज हूक लावा, रोज सोडा, रोज पाय टेकवून समतल करा. वऱ्हाडसुद्धा इतके पळत नाही.

आणि चौथ्या दिवशी यल्लापूरहून अंकोल्याकडे उतरताना अरबैलचा घाट होता. आपल्या ट्रेलरचे ब्रेक धक्क्याचे आहेत. गाडी मंदावली की मागचा भार पुढे रेटतो आणि त्या रेट्याने ब्रेक लागतात. लांब उतारावर ते सतत घासत राहतात, तापतात. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे एसटीत पहिल्या दिवशी शिकवतात. आपल्या कागदावर घाटासमोर फक्त ‘निसर्गरम्य’ असे लिहिले आहे. तिथपर्यंत आम्ही पोचलो नाही, हे एका अर्थी बरेच झाले.

आम्ही 17 तारखेला निघालो. आराखडा गुंडाळून ठेवायला हवा होता, पण बदामीला दुपारी लेण्यांची माहिती देणारा माणूस आपण ठरवलेला होता, पैसे भरलेले होते, म्हणून त्याच वाटेने गेलो. कोल्हारचा पूल ओलांडून बिळगीकडे जाताना ट्रेलरचा डावा टायर फुटला. वेग पन्नास. रस्ता चांगला, खड्डा नाही. टायरवरचे शेवटचे चार आकडे 3116, म्हणजे 2016 सालच्या एकतिसाव्या आठवड्यात तयार झालेला. नऊ वर्षे उलटून गेली. ट्रेलरचा टायर धावून झिजत नाही, उभा राहून म्हातारा होतो. वरून नक्षी नवी दिसते आणि बाजूंना बारीक भेगा पडलेल्या असतात. उजवाही त्याच आठवड्यातला निघाला. स्टेपनी काढली तर ती चार बोल्टची आणि ड्रम पाच बोल्टचा! बत्तीस वर्षांपूर्वी डेपोत असा प्रकार एका शिकाऊ पोराने केला होता, त्याला आम्ही महिनाभर चिडवले.

आपल्या ‘चोवीस तास मदत’ क्रमांकावर 3 वाजून 10 मिनिटांनी पहिला फोन केला. उत्तर मिळाले 6 वाजून 25 मिनिटांनी : “सर, जवळच्या शोरूमला दाखवून घ्या.” आजूबाजूला ज्वारी आणि ऊस. शेवटी उसाच्या ट्रॅक्टरवाल्या एका पोराने थांबून जॅक लावला आणि बिळगीच्या पंक्चरवाल्याला घेऊन आला. त्याला मराठी येत नव्हते, मला कानडी मोडकेतोडके, पण पाच बोल्ट दोघांनाही मोजता येत होते. रात्र पेट्रोल पंपावर काढली. सकाळी बागलकोटहून दोन नवे टायर आणले, 9,400 रुपये, पावती सोबत आहे.

18 तारखेला रात्री साडेआठला हंपीजवळच्या ‘ट्रेलरसाठी राखीव’ मुक्कामी पोचलो. ते एका लॉजचे वाहनतळ निघाले. आत जायची बोळ काटकोनात वळते, फाटक आठ फुटी, ट्रेलर सात फुटी. मालक भला माणूस, पण म्हणाला की मागे ट्रेलर येणार हे त्याला कोणी सांगितलेच नाही, दोन माणसांची एक खोली एवढेच बुकिंग आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर. रिव्हर्स घ्यावे तर धक्क्याचे ब्रेक आवळून बसतात. ते अडवायची कळ आहे, पण गंजून घट्ट झालेली. हूक सोडून चार माणसांनी हाताने ढकलत डबा रस्त्यावर आणला. आपल्या देशात ट्रेलर उभे करायच्या जागा गावोगाव नाहीत, हे मला कळते. म्हणूनच तर आधी फोन करून फाटक किती रुंद, वळायला जागा आहे का, पंधरा अँपिअरचा प्लग आहे का, एवढे विचारणाऱ्याला 6,500 द्यायचे असतात.

19 तारखेला आम्ही परत फिरलो. चौपदरी रस्त्याने, दिवसाउजेडी, कूडलसंगमला थांबून. तेवढा एक दिवस छान गेला, हेही प्रामाणिकपणे लिहितो. त्याच रात्री आपल्याला ट्रेलर घेऊन जाण्यास कळवले आणि 22 तारखेला आपली माणसे माझ्या नव्या टायरांसकट तो घेऊन गेली.

तेव्हा मागणी अशी : कापलेली अनामत 22,000, न वापरलेल्या अकरा दिवसांचे भाडे 49,500, आराखड्याचे 6,500 आणि टायरांचे 9,400, असे एकूण 87,400 रुपये पंधरा दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावेत. वापरलेल्या पाच दिवसांचे भाडे मी मागत नाही, वास्तविक मागायला हवे होते. पैसे न आल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्याप्रमाणे ग्राहकाला स्वतःच्या गावी दावा लावता येतो, त्यामुळे मला पुण्याला खेटे घालायचे नाहीत, आपल्याला मात्र इकडे यावे लागेल.

आणि पैशापेक्षा वेगळी एक मागणी. आपल्या ताफ्यातल्या उरलेल्या ट्रेलरांचे टायर कोणत्या सालचे आहेत ते मला लेखी कळवावे. माझ्या हाताला चौतीस वर्षांची सवय होती म्हणून भिगवणला निभावले. पुढचा ग्राहक निवृत्त मुख्याध्यापक असेल.

फुटलेला टायर आणि ती चार बोल्टची स्टेपनी मी परत दिलेली नाही, दोन्ही माझ्या अंगणात आहेत. पाहायला माणूस पाठवणार असाल तर संक्रांतीचा आठवडा सोडून पाठवा, गड्ड्याच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळणार नाही. आणि दिवसा पाठवा, म्हणजे त्याला तारीख वाचता येईल.

आपला,
निवृत्त प्रमुख कारागीर व ग्राहक,
सात रस्ता परिसर, सोलापूर

सोबत : वजनकाट्याची पावती, हुकावरच्या भाराचा फोटो, टायरवरील तारखेचे फोटो, टायरखरेदीची पावती, फोन कॉलची नोंद, आपला आराखडा (मूळ प्रत, सौ.च्या पेन्सिलच्या शेऱ्यांसह).